सरळ व्हायचं राहिलं

मेघा अंगणात चालत होती. डोळे अर्धे मिटलेले, उजवा तळहात पुढे धरलेला, ओठांत आकडे. तळहात म्हणजे विमान. तो कलला की मेघा कमरेतून कलायची, तो वर गेला की टाचा उचलायची. उद्या सकाळी नागपूरच्या आकाशात ज्या नऊ कसरती करायच्या, त्या आज हिंगणीच्या अंगणात पायांनी घोटायच्या. कसरतीचं विमान उडवणारे सगळेच असं चालतात. मेघा अकरा वर्षं चालत होती, हातपंपापासून गोठ्यापर्यंत आणि परत.

ओसरीवर तिची आई पंचफुला मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मान खाली, हात चालू.

अकरा वर्षांत पंचफुलानं लेकीचं एकही उड्डाण पाहिलं नव्हतं. मेघाचे वडील प्रेमदास जमेल तिथे घडीची खुर्ची घेऊन जायचे आणि विमान टेकलं की घरी फोन करायचे. फोनवर एकच शब्द, "उतरली." वर काय काय केलं ते पंचफुला ऐकूनच घ्यायची नाही. काल रात्री जेवताना मेघानं पुन्हा विचारून पाहिलं होतं. "आई, उद्या तरी ये. दीड घंट्याचा तं रस्ता हाये." त्यावर उत्तर आलं, "मेथी कोण बांधन?" पंचफुलाजवळ अशा वेळी कोणती ना कोणती भाजी तयारच असायची. मेघा हसली होती, पण पुढची भाकर तिनं नको म्हटली होती.

"पाच," मेघा पुटपुटली. तळहात सरळ वर, क्षणभर थांबला, एका कडेवर कलंडून खाली आला. "सहा." तळहात उताणा झाला. म्हणजे विमान उलटं, वैमानिक डोकं खाली, आणि तसंच लोकांसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं.

तेवढ्यात शेजारच्या सुमित्राबाई विळा मागायला आल्या आणि फाटकातच थबकल्या.

"काऊन वं पंचफुला, पोरीले काय झालं? एकटीच बोलून राह्यली."

"काई नाई झालं. नोकरीचं काम करून राह्यली."

सुमित्राबाईंचा काही विश्वास बसला नाही. मेघानं हात खाली घेतला, त्यांना विळा आणून दिला, तब्येत विचारली, लग्नाचा विषय निघायच्या आत त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. मग परत येऊन हात पुढे धरला.

"सात." तळहात वर चढू लागला.

"थांब," ओसरीवरून आवाज आला.

मेघा थांबली.

"तू उलटी होती. सरळ व्हाचं राह्यलं ना."

मेघानं आपल्या हाताकडे पाहिलं. मनातल्या मनात सहापासून मोजलं. आईचं बरोबर होतं. उलट्या विमानात वर जायचं म्हणून विमान वळवायचा दांडा ओढला तर समोर जमीन येते. पायांना एकदा चुकीची सवय लागली की ती हातांत यायला वेळ लागत नाही. ती हसतच ओसरीकडे वळली.

"तुले पाठ हाये?"

"अकरा वर्सं पाहून राह्यली. डोये नाईत का मले?" पंचफुलानं जुडीची गाठ दातांनी ओढली. "पाठ कराले लागते, बाई. आता पोरगी उलटी हाये, आता सरळ होईन, हे समजत राह्यलं तं रातची झोप येते."

मेघा ओसरीच्या पायरीपर्यंत आली.

"उद्या येतो मी," पंचफुला म्हणाली. "मेथी आज होऊन जाते. तुह्या बुढ्याले सांगजो, दुसरी खुर्ची घेजो म्हणा."

मेघानं पहिल्यापासून सुरुवात केली. एक, दोन, हातपंप, गोठा. सहाव्याला तळहात उताणा केला आणि मुद्दामच तसा धरून ठेवला. ओसरीवरचे हात थांबले.

"सरळ," पंचफुला म्हणाली.