पद्मजाची उमेदवारी

“सैल आहे,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी ओळ जुळवायची स्टिक पद्मजाच्या हातात परत दिली. “अशी ओळ उचललीस तर सगळे खिळे सांडतील. दाबून बघ.”

पद्मजाने ओळ अंगठ्याने दाबली. शिशाचे खिळे हलत होते. तिने दोन शब्दांच्या मध्ये एक बारीक पत्ती सरकवली. ओळ घट्ट बसली. खिळ्यांवरची उलटी अक्षरं तिला आता सरळ वाचता येऊ लागली होती. त्याचा तिला आनंद होत नव्हता.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला तिच्या वडिलांचा, अप्पांचा, छापखाना म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना जीन्स शिवणारे कारखाने. त्यांच्या मशीनींची घरघर दिवसभर भिंतीतून येई. आत अप्पा खिळे जुळवत आणि महिपती पायाने ट्रेडल मारत छापत असे. दुसरा जुळारी गेल्या पावसाळ्यात एका ऑफसेटवाल्याकडे निघून गेला. तेव्हापासून संध्याकाळी अप्पांचे पाय सुजायला लागले. पद्मजाला ठाण्याला ग्रंथपालाचा कोर्स करायचा होता. त्याऐवजी एका सकाळी ती अप्पांच्या शेजारी रिक्षात जाऊन बसली आणि म्हणाली, “मला शिकवा.” अप्पांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं.

छापखाना आता फार दिवस चालणार नाही, असं तिला वाटे. तो बंद झाला की आपण सुटू. तोवर अप्पांना एकट्याने उभं राहू द्यायचं नाही. पण महिने गेले आणि छापखाना काही बंद होईना.

शेजारच्या कारखान्याचा मालक टेकचंद दारात येऊन उभा राहिला.

“मास्टर, मेरा बिल बुक?”

“शिवरात्रीनंतर.”

“कौन से साल की शिवरात्री, वो भी बोल दो.”

“शेठ,” महिपती मशीन न थांबवता म्हणाला, “तुमच्याकडनं घेतलेल्या पॅन्टचा एक पाय आखूड निघाला, आम्ही काही बोललो का?”

टेकचंद हसत हसत निघून गेला. अप्पाही हसले. हसता हसता त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

“बसा ना जरा, अप्पा.”

“बसून कुठे खिळे जुळतात?” ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “तू कंटाळलीस का?”

“छे. आवडतंय मला.”

“मग झालं तर.”

तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी अप्पा उठले नाहीत.

तेरावं उरकल्यावर पद्मजाने छापखाना उघडला. महिपती तिच्याआधीच येऊन पायरीवर बसला होता. आत सगळं होतं तसंच होतं. पत्र्याच्या उथळ तबकात, गॅलीत, अप्पांनी जुळवलेला मजकूर सुतळीने बांधून ठेवलेला होता. अंबरनाथमधल्या कुणाची तरी लग्नपत्रिका. त्या लोकांनी ती दुसरीकडून छापून घेतली होती. लग्न होऊनही गेलं होतं.

“मी हात लावला नाही,” महिपती म्हणाला.

छापखान्यात तसा रिवाज होता. ज्याने मॅटर जुळवलं त्यानेच ते सोडायचं. एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. दुसऱ्याने हात लावला की खण चुकतात, अशी समजूत.

“मग आता कोणी सोडायचं?”

“मास्तरांच्या उमेदवारानं. दुसरं कोण आहे?”

हाताखाली शिकणारा उमेदवार म्हणजे तीच. तिने सुतळी सोडली. रॉकेलच्या फडक्याने प्रुफाची शाई पुसली. चार ओळी डाव्या हातात घेतल्या आणि उजव्या हाताने एकेक अक्षर वाचून खणात टाकायला लागली. अप्पांच्या ओळी इतक्या गच्च होत्या की पहिला खिळा नखाने उचकटावा लागला. वधूचं नाव गेलं. वराचं गेलं. मग दोन्हीकडच्या आजोबांची नावं गेली. काने एका खणात, मात्रा दुसऱ्या खणात. तिला रडू आलं नाही. फक्त पाय दुखायला लागले.

महिपती मशीनला टेकून बघत होता.

“बंद नका करू हां, ताई,” तो म्हणाला. “मास्तरांनी तुमच्यासाठीच ठेवलाय हा.”

“माझ्यासाठी?”

“नाहीतर काय? दिवाळीतच विकायला काढला होता. मशीनला गिऱ्हाईक येऊन गेलं. डोंबिवलीच्या एका छापखान्यात त्यांना प्रुफं वाचायचं काम मिळत होतं. खुर्चीत बसून. मी म्हटलं घ्या, पाय बघा तुमचे काय झालेत. तर म्हणाले, दमलोय रे महिपती. पण पोरगी एवढ्या हौसेनं शिकायला येतेय, तिच्या हातातनं कसं काढून घेऊ? तिचा हात बसेपर्यंत राहतो उभा.”

भिंतीपलीकडे शिलाईच्या मशीनी चालू होत्या. पद्मजाच्या डाव्या हातात अजून अर्धी ओळ होती. अप्पा जिथे उभे राहत, तिथली फरशी झिजून गुळगुळीत झाली होती. तिकडे बघत, महिपतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, ती म्हणाली,

“अप्पा, मला नव्हतं हो शिकायचं.”