संदर्भ हवा

येरवड्याचा गिर्यारोहक सुबोध हिमकड्यावर बेपत्ता होऊन बावीस दिवस झाले होते, शोध चालूच होता, तरी ऑनलाइन ज्ञानकोशातल्या त्याच्या पानावर कुणीतरी ‘मृत्यू’ लिहून मोकळं झालं होतं. त्याच्या आईनं, विमलकाकूंनी, चारदा पुसलं, चारदा परत उमटलं. लेकाचा लॅपटॉप उराशी धरून त्या आल्या ज्ञानकोशात लिहिणाऱ्या शेजारच्या चैतालीकडे. बाळाला थोपटत ती म्हणाली, “काकू, आता पुसलंत तर खातंच बंद करतील.” “जन्म मी दिला, शहाणपण यांचं?” “पुसू नका. त्यापुढे ‘संदर्भ हवा’ टाका. पुरावा त्यांनी द्यायचा.” काकूंनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं. या वेळी कुणी उडवलं नाही. “ही खूण कधीपर्यंत राहते गं?” “पुरावा मिळेपर्यंत,” चैताली बोलून गेली आणि चरकली. “म्हणजे, काही पानांवर वर्षानुवर्षं असते.” “राहू दे. वर्षानुवर्षं राहू दे.”