अण्णासोंचा नंबर

हंबीररावानं वसंतची कॉलर धरून त्याला खुर्चीतून अर्धं वर उचललं. दुसऱ्या हातात ऊस तोडायचा कोयता होता.

"माझा नंबर मागं का गेला? बोल!"

"मी नाही सारला. नंबर कॉम्प्युटर लावतो."

"मग त्येची मान कुठं असती ती दाव. आधी ती उडवतो, मग तुझी."

दारात जमलेली माणसं हसली. वसंतला हसू येण्यासारखं काही दिसेना.

कागलच्या बाजूच्या त्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला त्याला एक हंगामही पुरता झाला नव्हता. ऊस तोडणाऱ्या टोळ्या थोड्या, ट्रक त्याहून थोडे, ऊस गिळणारी गव्हाण एकच, आणि तोडीचा नंबर मात्र सगळ्या तालुक्याला पहिला हवा. त्याआधी हे नंबर नृसिंह नावाचा कारकून लावायचा. ओळखीच्याचा ऊस आधी, बाकीच्यांचा उभ्या उभ्या वाळायचा. गळीत सुरू व्हायच्या तोंडावर हा नृसिंह घरी जायला म्हणून निघाला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याच आठवड्यात हंबीररावानं त्याला भर बाजारात थोबाडलं होतं. लोक काय समजायचं ते समजले. पोलीस आले, चहा पिऊन गेले. मग ती खुर्ची कोल्हापुरातून रोज एस.टी.नं येणाऱ्या वसंतला मिळाली.

"नृसिंहाच्या वाटंनं जायचंय काय रं तुला?" हंबीररावानं कोयता उगारला.

"हंबीर, सोड त्याला."

गर्दीतून अण्णासो पुढं आले. पिकल्या मिशांचे, हळू बोलणारे. हंबीररावाचा हात खाली आला तेव्हा त्यांनी आपला तळवा मधे घातला. पातं मांसात रुतलं. छपाईच्या कागदावर रक्ताची चिळकांडी उडाली. अण्णासो वसंतकडं वळले.

"साहेब, माझा नंबर ह्येला द्या. माझ्या उसाला घाई न्हाय."

हंबीरराव वरमला. "अण्णा, तुमच्याकडं बघून गप बसतो," म्हणत कोयता पुसत निघून गेला.

वसंतनं त्यांच्या तळव्याला रुमाल बांधला. "तुमचा ऊस वाळेल की हो अण्णा."

"गेल्या साली वाळला न्हाय व्हय? नृसिंहानं शेवटपतोर टोळी धाडली न्हाय. तुरं आलं, चिपाड झालं. हातानं काडी लावली. काय झालं? जगलोच की!" आणि ते हसले.

हंगाम तापत गेला तशी डोकीही तापत गेली. गेटवर एका ड्रायव्हरचं टाळकं फुटलं. कुणी रांगेतल्या बैलगाडीची चाकं कुऱ्हाडीनं फोडली. एकदा खिडकीतून आलेला धोंडा वसंतच्या कानाला चाटून गेला, काचा मानेत घुसल्या. घरी आई नोकरी सोड म्हणून हातापाया पडली. पण दर वेळी कुठूनतरी अण्णासो यायचे आणि पेटलेल्या माणसाला आपला नंबर देऊन थंड करायचे. लोक त्यांना देवमाणूस म्हणू लागले. वसंतला वाटायचं, आपण जिवंत आहोत ते या एका माणसामुळं.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. रांगेत वारंवार मागं पडणारा माणूस मरेपर्यंत मागंच राहू नये, म्हणून त्यानं यंत्राला एक नियम घातला होता. ज्याचा नंबर जितक्यांदा हुकेल, तितकं त्याचं रांगेतलं वजन आपोआप वाढायचं. असं वाढत वाढत तो एकदा सगळ्यांच्या वर गेला, की खुद्द चेअरमननाही त्याला खाली ओढता येत नव्हतं.

आणि एका सकाळी यंत्रानं अण्णासोंचं नाव सगळ्यांच्या वर छापलं.

वसंतनं ताबडतोब टोळी धाडली, ट्रक धाडले. बातमी मात्र आपल्याच तोंडानं सांगायची म्हणून राखून ठेवली.

सकाळपासून तालुक्याला गेलेले अण्णासो दुपारी परस्पर कारखान्यावर आले. बाहेर व्हरांड्यात हंबीरराव आपल्या दुसऱ्या उसाच्या फडासाठी शिव्या हासडत होता. वसंतनं त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

"अण्णा, आज तोंड गोड करायचं."

"ते मागनं. माझा नंबर गुंडूला द्या. त्येच्या पोरीचं लगीन हाय."

"आता देता येत नाही." वसंतनं हसत हसत त्यांना नियम समजावून सांगितला.

अण्णासोंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मोडा तो नियम."

"मलासुद्धा मोडता येत नाही. आणि मोडून काय? टोळी सकाळीच फडात गेली. बराचसा ऊस पडलाही असेल."

अण्णासोंनी खुर्ची पुढं ओढली.

"कुठनं धरलाय? रस्त्याकडनं का वढ्याकडनं?"

"ओढ्याकडून. तिकडचा ऊस लोळलाय असं मुकादम म्हणाला. म्हटलं, मग तोच आधी घ्या. तुमचं नुकसान नको."

"लई उपकार झालं," अण्णासो म्हणाले आणि उठले.

तेवढ्यात फोन वाजला. टोळीचा मुकादम गणपती गावातल्या सोसायटीच्या कचेरीतून बोलत होता. बोलत कसला, इतका ओरडत होता की खोलीभर ऐकू जात होतं.

"साहेब, तोड थांबवलीया! पोलिसास्नी सांगा! वढ्याकडंच्या सरीत मुडदा घावलाय... त्यो नृसिंह हो! कापडावरनं वळखला... मानंवर कोयत्याचा घाव हाय!"

व्हरांड्यात हंबीररावाच्या शिव्या चालूच होत्या. जन्मात पहिल्यांदा वसंतला तो माणूस जवळ हवासा वाटला. त्याला हाक मारायला वसंतनं तोंड उघडलं, तोवर अण्णासोंनी दाराला आतून कडी घातली होती.