लग्नाची बायको

तेजसिंगराव वाकले आणि भर कचेरीच्या व्हरांड्यात त्यांनी नीलम्माच्या पायांना हात लावला.

"आईसाहेब, उन्हात कशाला? इकडं सावलीत बसा."

नीलम्मानं पाय मागं ओढले. व्हरांड्यातली माणसं टकामका बघत राहिली. बेलगढीच्या राजघराण्याचा वारस, आणि तेल-मिठाचं दुकान चालवणाऱ्या लिंगायत म्हातारीच्या पायाशी! तिचे केस पिकून गेले, पण ह्या घराण्यातल्या कुणी कधी तिला नावानंसुद्धा हाक मारली नव्हती. आज एकदम आईसाहेब. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अव्वा, बस ना," तिचा मुलगा सिद्धराम हळूच म्हणाला. त्यानं धुवट सदरा घातला होता आणि कपाळाला ठसठशीत विभूती लावली होती. लग्नाला निघाल्यासारखा तो दिसत होता.

लातूर जिल्हा होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. कचेरीच्या भिंतींना नव्या रंगाचा वास येत होता आणि कोपऱ्यातला रांजण कोरडा ठाक होता. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. बेलगढीचं संस्थान कधीच बुडालं, पण तेजसिंगरावांच्या वडिलांची, थोरल्या राजेसाहेबांची जमीन राहिली होती. ती आता सिलिंगमध्ये निघाली होती. कायद्याहून जादा जमीन सरकार काढून घेणार आणि गावातल्या बिनजमिनीच्या लोकांना वाटणार. ती वाचवायला एकच वाट उरली होती. थोरल्या राजेसाहेबांनी दुसरं लग्न केलं होतं आणि त्या बायकोला मुलगा आहे, असं ठरलं, तर निम्मी जमीन त्या मुलाच्या वाट्याची धरली जाणार होती.

"जमीन आम्हीच कसू," तेजसिंगरावांनी सिद्धरामला आधीच सांगून ठेवलं होतं. "तुम्हाला नाव मिळेल."

आणि सिद्धरामला नावच हवं होतं. त्याच्या मुलीची, रुद्राणीची सोयरीक दोनदा ठरून मोडली होती. दोन्ही वेळा पाहुण्यांनी पोरीच्या आज्याचं नाव विचारलं होतं.

पुकारा झाला. सगळे आत गेले. बेलगढीची बिनजमिनीची माणसंही मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांच्यात केवळाबाई होती. नीलम्माच्या दुकानातून ती उधारीवर गूळ न्यायची आणि पाणवठ्यावर तिलाच 'राजाची ठेवलेली' म्हणायची. आज ती नीलम्माच्या नजरेला नजर देत नव्हती.

तेजसिंगरावांचा वकील उठला. "साहेब, नीलम्माबाई ह्या थोरल्या राजेसाहेबांच्या धर्मपत्नी. लग्न गुपचूप झालं, पण विधीनं झालं. घराण्यानं त्यांचा मान कायम राखला. अखेरपर्यंत."

नीलम्माचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. लग्न झालं होतं. उजाडायच्या आत, औशाजवळच्या मठात. जंगम मंत्र म्हणत होता आणि राजेसाहेबांनी स्वतःच्या हातानं मंगळसूत्राची गाठ मारली होती. "बोभाटा नको. वेळ आली की मीच चारचौघांत सांगीन," ते म्हणाले होते. जंगम गेला. राजेसाहेबही गेले. वेळ काही आली नाही.

"बाई," अधिकारी म्हणाले, "खरं सांगायचं. राजेसाहेबांशी तुमचं लग्न झालं होतं का?"

सिद्धराम तिच्याकडं बघत होता. लहानपणी दुकानातल्या गुळाच्या भेलीकडं बघायचा, तसा.

नीलम्मानं लिंगावरचा हात काढला.

"न्हाई."

"बाई घाबरल्यात, साहेब," वकील पटकन म्हणाला.

"कुनाला भ्यायचं आता?" नीलम्माचा आवाज चढला. "न्हाई म्हनलं ना! आन् मला कशाला इचारता? ह्यांना इचारा. राजेसाहेबाचं सरन पेटायच्या आधी मी तोंड बघाया गेलते. ह्या तेजसिंगरावानं मला भर गावाम्होरं ढकलून दिलं. काय म्हनला हुता? 'ही बाई आमची कुनी लागत न्हाई.' गाव सारा हुता तिथं. ही केवळा हुबी हाय की मागं, इचारा!"

मागं कुणीतरी खोकलं. तेजसिंगरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "आईसाहेब, तेव्हाचं तेव्हा..."

"आईसाहेब म्हनू नगंस मला. मी तुझी कुनी लागत न्हाई."

अधिकाऱ्यांनी कारकुनाला खूण केली. कारकुनानं लिहून घेतलं. नीलम्मानं अंगठा उठवला आणि बोटाची शाई भिंतीच्या नव्या रंगाला पुसली.

बाहेर फुफाटा उडत होता. केवळाबाई लगबगीनं जवळ आली, पदर डोळ्याला लावून म्हणाली, "नीलम्मा, लई मोठ्या मनाची गं तू. गरिबाला जमीन..."

"तुझ्यासाठी न्हाई केलं," नीलम्मा म्हणाली आणि चालू लागली.

एसटी स्टँडच्या रस्त्यावर सिद्धराम तिच्या बरोबरीनं चालत होता. मग एकदम थांबला.

"अव्वा, मला तरी सांग. लगीन झालं हुतं का न्हाई?"

"झालं हुतं."

"मग?" त्याचा आवाज फाटला. "आजवर मी बिनबापाचा राहिलो. आज येकडाव खरं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? माज्या पोरीचं तरी भलं झालं असतं!"

"आज खरं त्यांच्या कामाला आलं असतं, सिद्धा."

त्यानं मान झटकली. मग वळला आणि झपाझप पुढं निघाला. म्हातारीचे पाय उचलत नव्हते, हे त्याला ठाऊक होतं. तो थांबला नाही.

तिनंही हाक मारली नाही.