कार्डात बसेल असा डोळा

“काय बी दाखवू दे, ‘न्हाई दिसत’ म्हनायचं. ध्येनात ऱ्हाईल न्हवं, आये?”

सांगलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात, बाकड्यावर बसल्या बसल्या रविराजने आईला पुन्हा एकदा पढवलं.

“पर थोडं थोडं दिसतंय की रं,” आक्काताई म्हणाली.

“तेच म्हनायचं न्हाई. आपलं इम्याचं कार्ड सरकारी. त्यात ऑपरेशन बसतंय, नुसती तपासणी बसत न्हाई. ऑपरेशन निघालं की तपासणी बी त्याच्याच पोटात जाती. न्हाई निघालं, तर सगळं आपल्या अंगावर.”

रविराज हिशेबाला पक्का. कार्डाला त्याने प्लास्टिक चढवून घेतलं होतं आणि ते शर्टाच्या वरच्या खिशात, निम्मं बाहेर दिसेल असं ठेवलं होतं. कपाळावर पाचगणीहून आणलेला गॉगल. गॉगल कुठल्याच कार्डात बसत नाही. त्याच्या नाकावर मात्र छान बसायचा.

आक्काताई तासगावकडच्या एका शेडवर बेदाणा निवडायला जायची आणि हजेरीचे पैसे आठवड्याला लेकाच्या हातावर ठेवायची. पिवळ्यातला काळा मणी तिची बोटं बोलता बोलता उचलत. या हंगामात काळे मणी पिवळ्यातच राहून जायला लागले. मुकादमाने तिला निवडणाऱ्या बायकांच्या रांगेतून उठवलं आणि हातात खराटा दिला. मग गावात डोळ्यांचा कॅम्प आला. तपासून झाल्यावर तिला बाहेर बसवून रविराजच आत बोलून आला. “मोतीबिंदू हाय, आये. कापाय लागतोय. न्हाई कापला तर डोळा जातोय.”

तेव्हापासून डोळ्याला चाकूचं पातं लागणार या विचारानेच तिच्या पापण्या आपोआप मिटायच्या. रविराज म्हणायचा, “मी हाय की, आये.” एवढ्यावर तिचा निम्मा डोळा बरा व्हायचा.

दवाखान्यात आतून हाक आली. खोली आखूड होती, म्हणून तिथे सगळा कारभार आरशातून चाले. तपासायचं माणूस आरशाकडे तोंड करून बसणार, तक्ता त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर. आक्काताईला अक्षरओळख नव्हती, तेव्हा तपासणाऱ्या मुलीने काड्यांच्या खुणांचा तक्ता लावला. काड्या कुठल्या बाजूला आहेत, तेवढं हाताने दाखवायचं. रविराज मागे, तक्त्याच्या खाली, भिंतीला टेकून उभा राहिला.

“काय दिसतंय, मावशी?”

“न्हाई दिसत.”

“ही वरची? सगळ्यात मोठी?”

“ती बी न्हाई.”

मुलीने हातातली पट्टी खाली ठेवली. “असं कसं? कॅम्पला मीच तपासलं होतं तुम्हाला. वरच्या ओळी घडाघडा दाखवल्या होत्या की तुम्ही. मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, सध्या चष्म्यावर भागेल, असं तुमच्या मुलाला सांगितलं होतं मी.”

आक्काताईचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले.

“तवापास्नं लय बिघडलंय, म्याडम,” मागून रविराज म्हणाला.

मुलीने आक्काताईच्या नाकावर चष्म्याचा लोखंडी सांगाडा चढवला आणि त्यात भिंगं घालायला सुरुवात केली. एक घातलं, काढलं, दुसरं घातलं. हळूहळू आरशातला धुरळा खाली बसला. बंद पंख्याची पाती सुटी झाली. काड्या दिसल्या. आणि काड्यांच्या खाली रविराज दिसला.

इतका लख्ख तो तिला कितीतरी दिवसांत दिसला नव्हता. हनुवटीवरचा वण दिसला. लहानपणी उंबऱ्यावर आपटून झालेला. कानाजवळ एक पांढरा केस दिसला. आक्काताईला हसू यायला लागलं.

तेवढ्यात रविराजचा हात हलला. आईची पाठ आपल्याकडे आहे आणि तिला तसंही काही दिसत नाही, या भरवशावर त्याने मुलीकडे बघून हात जोडले. मग दोन बोटांची कात्री करून ती आपल्याच डोळ्यापुढे चालवली. खिशातल्या कार्डावर टिचकी मारली. आणि सौदा तुटतोय की काय असं वाटलं की बाजारात माणूस हसतो, तसा हसून पुन्हा हात जोडले.

मुलीने नजर वळवली. “हं, मावशी. आता काय दिसतंय?”

आक्काताईने हात उचलला. काड्या वर होत्या, तिने वर दाखवलं. मग डावीकडे. मग खाली.

“आये, आगं…”

तिने उजवीकडे दाखवलं. एकेक ओळ उतरत ती बारीक खुणांपर्यंत गेली. काळा मणी उचलावा तशी एकेक खूण उचलत होती. मागे रविराजचा हात कार्डावरच राहिला होता.

“बरोबर. सगळं बरोबर,” मुलगी म्हणाली. “आता शेवटचं. नीट बघून सांगा हं. हे बरं,” तिने भिंग काढलं, “की हे आधीचं?”

भिंग निघालं तसा आरशातला रविराज विरघळला. नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. नुसता एक मऊ, ओळखीचा ठिपका, भिंतीला टेकलेला. मुलीने भिंग पुन्हा घातलं. वण, गॉगल, खिसा, कार्ड, सगळं जागच्या जागी आलं.

आक्काताईने बराच वेळ बघून घेतलं.

“आदीचं बरं हुतं, पोरी,” ती म्हणाली. “पर हेच दे.”