वाटीबाहेरचा भात

"आता पुरे," म्हणत श्रीपादांनी हात मागे घेतला. "बोटांची पार चाळणी झाली."

वल्लरी सुई धरून तशीच उभी राहिली. जेवणाला दोन तास झाले होते. साखर मोजायची तर आत्ताच. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. साखर आटोक्यात नाही म्हणून बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. आता तर बाल्कनीतून खालच्या गाड्यांचे रंगही त्यांना नीट कळत नव्हते.

भात सोडायला मात्र त्यांनी साफ नकार दिला होता. रत्नागिरीचा माणूस. दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी करून निवृत्त झाले, मयूर विहारला फ्लॅट घेतला, पण पोळीवर त्यांचं जेवण कधी संपलं नाही. मग दोन-तीन महिन्यांपूर्वी बायोकेमिस्ट्री शिकलेल्या वल्लरीने भात न तोडता मार्ग काढला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग घट्ट वरण, शेवटी भात. एकच वाटी, सपाट भरलेली. जेवण झालं की सोसायटीत फेऱ्या. नोएडाच्या ऑफिसातून ती रोज दुपारी फोन करून खात्री करून घ्यायची. आकडे हळूहळू खाली आले, पण घर या सगळ्याला कंटाळलं होतं. आई तर हल्ली बसल्या जागी पेंगायची.

"लहान मुलासारखं काय करता हो?" साधना पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. सकाळपासूनची ती कितवी, कोण जाणे. खुर्चीत टेकत तिने स्वतःचं बोट पुढे केलं. "मला टोच गं. बघू दे त्यांना, काही होत नाही."

वल्लरीने हसत टोचलं. थेंब पट्टीवर घेतला.

दोनशे ब्याण्णव.

"गेलं तुझं मशीन," श्रीपाद म्हणाले. "तरी सांगत होतो, ऑनलाइन घेऊ नकोस."

"आई, साबणाने हात धुऊन ये. बोटाला काहीतरी गोड लागलं असेल."

दुसरं बोट. दोनशे अठ्ठ्याऐंशी.

श्रीपादांनी आपला हात पुढे केला. एकशे बेचाळीस. मशीन ठीक होतं.

हे दोन-तीन महिन्यांत होत नाही, वल्लरीला माहीत होतं. आधीपासूनच असणार. ती तहान, ती पेंग, 'मला दिल्लीचा उन्हाळाच बाधतो' हे रोजचं वाक्य. सगळं समोरच होतं. पण घरात शुगर बाबांना, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"आई, आज तू काय जेवलीस?"

"काय म्हणजे? तुमचं झाल्यावर उरलेलं. भात."

"किती?"

"पातेल्यात होता तेवढा."

"पण बाबा आता एकच वाटी खातात. तू तांदूळ कमी नाही केलेस?"

"कुकरला लावताना हात आपसूक तेवढेच घेतो गं." साधनाने बोट पदराला पुसलं. तिचे डोळे पुन्हा मिटायला लागले होते. "आणि अन्न काय टाकायचं? यांच्या ताटातला भात कमी झाला, म्हणजे तो कुठेतरी जाणारच ना."