बाराशे चाळीस किलोमीटर

“अंतर किती म्हणालात?” तिने तिसऱ्यांदा विचारलं.

“बाराशे चाळीस किलोमीटर,” रुग्णालयाच्या समन्वयक बाई म्हणाल्या. “विमानाला दोन तास पाच मिनिटं. दोन्हीकडचा रस्ता धरून दोन तास पन्नास.”

“आणि काढलेलं हृदय टिकतं चार तास.”

“साधारण चार. बसवायला तासभर लागतो, तोही त्यातच धरायचा.”

म्हणजे हाताशी उरली दहा मिनिटं. बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत तिची बावीस वर्षं गेली होती. कुठली गाडी कधी लागेल हे ती कागद न बघता सांगायची, आणि उशीर झाला की लोकांची बोलणी निमूट ऐकून घ्यायची. आज विचारणारी ती होती.

सात दहाला पेटी घेऊन विमान उडालं.

“ताई, चहा तरी घे,” धाकटा भाऊ म्हणाला. “कालपासून पोटात काही नाही तुझ्या.”

“पोराचं एवढं मार्गी लागू दे. मग घेते.”

सव्वानऊला विमान उतरायला हवं होतं. नऊ सतराला बाईंचा फोन वाजला. त्या ऐकत राहिल्या.

“धुकं आहे. विमान वर घिरट्या घालतंय.”

“धुकं?” भावाने खिडकीकडे पाहिलं. “इथे तर लख्ख ऊन पडलंय.”

“तिथे विमानतळावर आहे.”

तिने बाईंचं मनगट धरलं. “दुसरीकडे उतरवा.”

“तिथून रस्त्याने दोन तास लागतील.”

“मग त्याच धुक्यात उतरा म्हणावं.”

“वैमानिकाच्या मागे एकशे चाळीस माणसं बसलीत, ताई.”

तिची पकड सुटली. ती बाकावर बसली. “सही करताना मी विचारलं होतं तुम्हाला, वेळेत पोचेल ना म्हणून.”

“हो.”

“तुम्ही मान हलवलीत.”

बाईंनी पुन्हा फोन लावला.

नऊ एकोणतीसला विमान उतरलं. चौदा मिनिटं उशीर. म्हणजे चार मिनिटं जास्तच.

“रस्ता मोकळा करून ठेवलाय,” बाई म्हणाल्या. “वीस मिनिटांचा रस्ता चौदात कापतील.”

नऊ त्रेचाळीसला पेटी शस्त्रक्रियेच्या खोलीत पोचल्याचं कळलं. मग तासभर काहीच नाही. भाऊ दोनदा उठला, दोनदा बसला. ती घड्याळाकडे बघायचीही थांबली.

फोन पुन्हा वाजला. बाई ऐकून म्हणाल्या, “सुरू झालं. दोन झटके द्यावे लागले, पण आता नीट चाललंय.”

भावाने तोंड ओंजळीत लपवलं. ती उठून उभी राहिली.

“तिकडच्या आईला एक निरोप द्याल?”

“नाव-पत्ता नाही सांगता येत, ताई.”

“नाव नकोच. एवढंच सांगा, जिना चढला की हे जरा जोरात धडधडतं. माझ्या पोराच्या छातीत होतं तेव्हाही असंच करायचं. घाबरू नकोस म्हणावं.”